महाराष्ट्रातल्या ४८ खासदारांना खुलं पत्र : रामभाऊ म्हाळगींसारखा वर्षाचा हिशेब द्या

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेवर निवडून गेलेले सर्व ४८ सन्माननीय सदस्य

स.न.वि.वि.

मी बत्तीस वर्षं एका सहकारी पतपेढीत हिशेबनीस होते. आता निवृत्त आहे, ठाणे जिल्ह्यात राहते आणि आमच्या चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीची खजिनदार आहे. हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे, पक्ष कुठलाही असो. तुमच्यापैकी जे काल-परवापर्यंत आमदार होते आणि आता दिल्लीला गेले आहेत, त्यांनी मात्र ते जास्त मन लावून वाचावं अशी विनंती आहे. ज्यांच्याविषयी मी लिहिणार आहे ते याच वाटेनं गेले होते.

रामभाऊ म्हाळगी. तुमच्यातल्या तरुणांना हे नाव भाईंदरजवळच्या उत्तनच्या प्रबोधिनीमुळे ठाऊक असेल. काहींनी तिथं प्रशिक्षणही घेतलं असेल. पण संस्थेला नाव दिलं की माणूस पाटीवर जाऊन बसतो आणि त्यानं नेमकं काय केलं ते मागे पडतं. म्हणून थोडं सांगते.

जन्म ९ जुलै १९२१ चा, पुणे जिल्ह्यातल्या कडूसचा. शिक्षणानं वकील, विचारानं संघाचे, पक्षानं जनसंघाचे, म्हणजे आजच्या भाजपच्या आधीच्या पक्षाचे. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राची लाट होती. संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप आणि जनसंघ एका मांडवाखाली आले होते. त्या निवडणुकीत म्हाळगी मावळातून आमदार झाले. तेव्हा राज्य द्वैभाषिक मुंबईचं होतं आणि सभागृहात जनसंघाची माणसं बोटांवर मोजण्याइतकी. पुढच्या निवडणुकीत, १९६२ ला, महाराष्ट्रात जनसंघाला एकही जागा मिळाली नाही आणि म्हाळगी पाच वर्षं सभागृहाबाहेर राहिले. १९६७ ला पुण्याच्या शुक्रवार पेठेतून ते परत आले आणि १९७२ नंतरही विधानसभेत होते. आणीबाणीत येरवड्याच्या तुरुंगात गेले. १९७७ ला ठाण्यातून खासदार झाले आणि १९८० ला पुन्हा ठाण्यातूनच. ६ मार्च १९८२ ला गेले, तेव्हा वय साठ. लोकसभेची ती मुदतही पुरी झाली नव्हती.

या कारकिर्दीत मंत्रिपद नाही. सत्तेच्या बाजूला बसायला मिळालं ते जनता पक्षाच्या त्या अडीच वर्षांत, तेही साधे सदस्य म्हणून. बाकी सारी वर्षं विरोधी बाकांवर, अगदी थोड्या सोबत्यांबरोबर. ज्याच्या हातात खातं नाही, फायलीवर शेरा मारायचा अधिकार नाही, अशा लोकप्रतिनिधीकडे काय उरतं? प्रश्न विचारणं उरतं, पत्र लिहिणं उरतं, अभ्यास करून उभं राहणं उरतं. म्हाळगींनी तेच केलं आणि त्यात आणखी एका गोष्टीची भर घातली. वर्षभरात आपण काय काम केलं त्याचा अहवाल छापून ते मतदारांपुढे ठेवत. आमदार असताना ठेवला, खासदार झाल्यावरही ठेवला.

मी जनसंघाच्या घरातली नाही, हे इथंच सांगून टाकते. माझे वडील रेल्वेत होते, माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये. घर राष्ट्र सेवादलाचं, म्हणजे समाजवादी. मे १९७४ च्या रेल्वे संपात वडील होते, आणि त्या महिन्यातले पगाराविना गेलेले दिवस आईच्या बोलण्यात पुढे वर्षानुवर्षं येत. मार्च १९७७ मध्ये आणीबाणी चालू असतानाच निवडणूक आली आणि ठाण्यात जनता पक्षानं पुण्याचे जनसंघवाले वकील उभे केले, तेव्हा आमच्या दोन खोल्यांत भांड्याला भांडं लागलं. काका म्हणायचे, गोवंशहत्याबंदी आणि समान नागरी कायदा सांगणाऱ्याला आपण मत कसं द्यायचं? वडील गप्प बसायचे. शेवटी आईनं निकाल लावला. म्हणाली, "माणूस तुरुंगात बसून आलाय ना? मग बास." मी तेव्हा नववीत. नोकरीमुळे वडिलांना प्रचार करता येत नव्हता, म्हणून आईबरोबर चाळीचाळींतून मतदारांच्या चिठ्ठ्या वाटत मी फिरले. चक्रातला नांगरधारी शेतकरी ही निशाणी मला अजून डोळे मिटूनही काढता येईल.

पुढे जनता पक्ष फुटला. दुहेरी सदस्यत्वाचा, म्हणजे पक्षात राहून संघातही राहायचं का याचा, वाद होता, एकीकडे आमचे समाजवादी आणि दुसरीकडे म्हाळगींचे संघवाले. आमच्या घरातही ती फूट बोचली. पण या फुटीच्या आधी एक संध्याकाळ आली होती आणि त्या संध्याकाळीसाठीच मी हे पत्र लिहिते आहे.

वडील रोज रात्री जेवणानंतर घरखर्चाची वही लिहायचे. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही. दूध, रॉकेल, पास, माझी शाळेची फी, पै न् पै. त्या दिवशी त्यांनी वहीशेजारी एक पातळशी पुस्तिका ठेवली होती. खासदारांचा अहवाल. ओळखीच्या एका कार्यकर्त्यानं आणून दिलेला. वडिलांनी कानामागची पेन्सिल काढली आणि स्वतःच्या वहीतल्या बेरजा तपासाव्यात तसे ते एकेक ओळ खाली सरकत वाचू लागले. समासात बारीक खुणा. कुठं बरोबर, कुठं प्रश्नचिन्ह. मधेच आईला म्हणाले, "हे बघ, इथं काम झालं नाही असं त्यानं स्वतःच लिहिलंय." त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं. उभ्या जन्मात त्यांना कुणी पुढाऱ्यानं हिशेब दिला नव्हता.

ती पुस्तिका आता नाही. २६ जुलै २००५ ला घरात कमरेएवढं पाणी शिरलं, त्यात खालच्या ट्रंकेतले सगळे कागद गेले. चिखलातून काढलेल्या लगद्यात वडिलांची पेन्सिल कुठली आणि छापील अक्षरं कुठली ते ओळखू येईना. त्यामुळे आत काय काय होतं ते मी तुम्हाला ओळीनं सांगू शकत नाही. पण आपण पाठवलेल्या माणसाकडून हिशेब घेताना मतदाराचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलं आहे.

आता माझ्या सोसायटीकडे या. सहकार कायद्यानं आम्हाला आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. चौदा दिवस आधी नोटीस, सोबत अहवाल आणि ताळेबंद. गेल्या सभेत तळमजल्यावरच्या काकांनी पंपाच्या दुरुस्तीवर पाऊण तास घेतला. दोन दरपत्रकं का घेतली, तिसरं का नाही? मी पावती दाखवली. ते म्हणाले, पावतीवर तारीख खोडलेली दिसते. मी मेकॅनिकला फोन लावून स्पीकरवर बोलायला लावलं, तेव्हा सभा पुढे सरकली. रक्कम दोन हजार आठशे रुपये. मला त्यांचा राग आला नाही. पैसा त्यांचाही आहे, विचारायचा हक्क त्यांचा आहे, आणि उत्तर देणं हे मी खजिनदार झाले त्या दिवशी पत्करलेलं काम आहे.

चोवीस बिऱ्हाडांसाठी एवढं. तुमच्या एकेका मतदारसंघात अठरा-वीस लाख मतदार आहेत. वर्षाला पाच कोटींचा खासदार निधी आहे, आणि निधी बाजूला ठेवला तरी देशाचे कायदे करण्याचं काम आमच्या वतीनं तुमच्या हाती आहे. पण मतदारांना वर्षाचा अहवाल द्यावा असं कुठल्याही कायद्याचं तुमच्यावर बंधन नाही. निवडणुकीच्या अर्जाबरोबर मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र येतं, त्यात शेतजमीन कळते, दागिने कळतात. काम कळत नाही.

मागच्या वर्षी मी एका खासदारांच्या संपर्क कार्यालयात गेले होते. मतदारसंघाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला एकाकडे बोट दाखवायचं नाही. मी म्हटलं, साहेबांनी वर्षभरात संसदेत काय काम केलं त्याचा अहवाल हवा आहे. तिथला मुलगा अतिशय अदबीनं वागला. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग आतून एक गुळगुळीत पुस्तिका आणली. बत्तीस पानं आणि पानोपानी फोटो : भूमिपूजन, लोकार्पण, दहीहंडी, आरोग्य शिबिर, सत्कार. मी शेवटपर्यंत चाळली. त्यात विचारलेला एक प्रश्न नव्हता, लिहिलेलं एक पत्र नव्हतं, निधीतल्या एका कामाची रक्कम नव्हती. मी तसं म्हटल्यावर तो म्हणाला, "काकू, असं आजवर कुणी मागितलंच नाही." तो खरं बोलत होता. तुमच्याइतकाच हा दोष आमचाही आहे.

मग मी घरी येऊन मुलाच्या लॅपटॉपवर संसदेचं संकेतस्थळ उघडलं आणि त्याच खासदारांचे प्रश्न शोधत बसले. अकरा संध्याकाळी लागल्या. तारांकित म्हणजे तोंडी उत्तराचे प्रश्न, अतारांकित म्हणजे लेखी उत्तराचे, शून्य प्रहरात मांडलेले तातडीचे विषय, नियम ३७७ खाली मांडलेले जनहिताचे मुद्दे. वडिलांसारखी वही केली : तारीख, विषय, मंत्र्याचं उत्तर, पुढे काय. आणि मला जे सापडलं त्यानं मी चकित झाले. माणसानं चांगलं काम केलं होतं! रेल्वे फाटकावरच्या रखडलेल्या पुलाबद्दल त्यांनी लेखी प्रश्न विचारला होता, आणि उत्तरात काम कुणाकडे अडलंय ते स्पष्ट लिहिलेलं होतं. त्या फाटकाशी रोज शेकडो माणसं उन्हात ताटकळतात, खासदारांना शिव्या घालतात, आणि त्यांच्याच खासदारानं मिळवलेलं उत्तर त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. ते उत्तर त्या बत्तीस पानांत असतं तर? लोकांनी बरोबर दार ठोठावलं असतं. अहवालानं तुमची पंचाईत होते असं तुम्हाला वाटत असेल, तर या फाटकाचा विचार करा.

आमदारकीतून गेलेल्यांची अडचण मला समजते. विधानसभेत २८८ जण असतात, लक्षवेधी सूचना लागते, औचित्याचा मुद्दा मांडता येतो, विषय रस्त्याचा, पाण्याचा, पोलीस ठाण्याचा. दुसऱ्या दिवशी गावात बातमी असते. लोकसभेत ५४३ जण. तारांकित प्रश्नांच्या यादीत दिवसाला वीसच नावं लागतात, तीही चिठ्ठ्या काढून, आणि त्यातले तोंडी उत्तराला येतात ते मोजकेच. गेल्या, म्हणजे सतराव्या, लोकसभेच्या पाच वर्षांत मिळून बैठका झाल्या २७४. म्हणजे वर्षाला सरासरी पंचावन्न दिवस. दिल्लीत बोललेलं गावात ऐकू येत नाही, म्हणून खासदार पुन्हा आमदारासारखा वागू लागतो : गटार, पेव्हर ब्लॉक, समाजमंदिर. मतदारसंघात दिसत राहण्याची धडपड. त्यामागची भीती खरी आहे, पण त्यात लोकसभेची जागा रिकामी राहते. म्हाळगी पुण्याचे आमदार होते आणि खासदार झाले ठाण्याचे. मतदारसंघ नवा, सभागृह नवं. छापील अहवाल हा त्यांनी दिल्ली आणि मतदार यांच्यामध्ये घातलेला पूल होता. माझ्या मते तरी १९८० ला त्याचा उपयोग झाला असावा. तेव्हा वारं फिरलं होतं, महाराष्ट्रातल्या बहुतेक जागा इंदिरा काँग्रेसनं जिंकल्या होत्या, आणि तरीही ठाणेकरांनी म्हाळगींना परत पाठवलं. आमच्या काकांनी त्या वेळी मत कुणाला दिलं ते कधी सांगितलं नाही. पण त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, एवढं मला आठवतं.

आणखी एक फरक आहे आणि तो तुमच्या बाजूनं सांगायला हवा. म्हाळगींच्या काळी पक्षांतरबंदीचा कायदा नव्हता. तो १९८५ ला आला. आज पक्षानं व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश, काढला की विधेयकावरचं तुमचं मत पक्षाचं असतं. तेव्हा अमुक कायद्याला तुम्ही हात वर केलात की नाही, एवढ्यावर तुम्हाला जोखणं पुरेसं नाही, हे मी मान्य करते. पण मग तुमचं स्वतःचं डोकं दिसतं कुठं? प्रश्नांत दिसतं. शून्य प्रहरात दिसतं. शुक्रवारच्या खासगी विधेयकांत दिसतं. आणि सर्वांत जास्त दिसतं स्थायी समित्यांत, जिथं व्हिप चालत नाही आणि कॅमेरेही नसतात. तुमच्यापैकी कोण कुठल्या समितीवर आहे, तिथं वर्षभरात कुठला विषय हाताळला गेला, हे आमच्या भागात दहा माणसांनाही ठाऊक नसेल. समितीचा अहवाल सभागृहात मांडला की तो सर्वांसाठी खुला होतो. मग त्याचा चार ओळींत मराठी सारांश आम्हाला द्यायला काय हरकत आहे?

कुणी म्हणेल, तो काळ वेगळा, ती माणसं वेगळी. तसं नाही. राम नाईक १९७८ ला बोरिवलीतून आमदार झाले, तीनदा निवडून आले, मग १९८९ पासून सलग पाच वेळा उत्तर मुंबईचे खासदार. त्यांनीही दरवर्षीच्या कामाचा अहवाल काढण्याचा रिवाज ठेवला आणि पुढे उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाल्यावर राजभवनातूनही तो चालू ठेवला. खासदार निधीची कल्पना लावून धरणाऱ्यांत ते होते आणि ती योजना डिसेंबर १९९३ ला आली. बाळाच्या दुधाला पर्याय म्हणून डबे विकणाऱ्यांच्या जाहिरातबाजीला आळा घालून स्तनपानाला बळ देण्यासाठी त्यांनी खासगी विधेयक आणलं होतं, आणि त्या विषयावर १९९२ ला कायदा झाला. माझं पहिलं मूल त्याच सुमाराचं, म्हणून हे माझ्या चांगलं लक्षात आहे. त्यांच्याही पक्षाला, भाजपला, मी कधी मत दिलेलं नाही. पण लोकलच्या गर्दीत, एवढ्या मोठ्या मतदारसंघात आणि पुढे मंत्रिपदाच्या व्यापातही ही सवय टिकू शकते, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हाळगी आणि नाईक एकाच परंपरेचे, उजव्या विचाराचे. डाव्यांनी, समाजवाद्यांनी, काँग्रेसवाल्यांनी आणि दोन्ही शिवसेना, दोन्ही राष्ट्रवादीवाल्यांनी ही सवय उचलली तर त्यात कुणाचा विचार बाटत नाही. माझे वडील जनसंघाच्या माणसाकडून हिशेब घेऊन सेवादलाचेच राहिले.

आता मागणं. वर्षातून एकदा छापील अहवाल काढा, मराठीत, वीस-पंचवीस पानांचा. फोटो एक असला तरी चालेल. संसदेतल्या हजेरीचे दिवस लिहा. मंत्र्यांना हजेरीपटावर सही नसते, त्यांनी तसं सांगावं. विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं लिहा, निदान आपल्या मतदारसंघाशी आणि राज्याशी संबंधित असलेली. निधीतलं प्रत्येक काम गावाच्या नावासह आणि रकमेसह द्या. शिफारस तुम्ही करता आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात, तेव्हा कुठलं काम कुठल्या टेबलावर पडून आहे तेही येऊ द्या. अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी किमान १५ टक्के आणि जमातींच्या भागासाठी ७.५ टक्के निधीची शिफारस करायची असते, ती केली का ते सांगा. कुणाला पत्रं लिहिली, उत्तर आलं की नाही, हे द्या. आणि एक पान, फक्त एकच पान, जमलं नाही त्याचं ठेवा. माझ्या वडिलांनी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं ते नेमकं तसलंच पान.

हे समाजमाध्यमांवर टाकतो, असं कृपा करून म्हणू नका. तिथलं आज दिसतं, उद्या खाली जातं, आणि त्यावर पेन्सिलनं खूण करता येत नाही. खर्चाचं म्हणाल तर तुमच्या वाढदिवसाच्या फलकांवर जे जातं त्याच्या एका कोपऱ्यात हे भागेल. प्रत्येक घरी पाठवा असंही मी म्हणत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीत, प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात, रेल्वे प्रवासी संघटनांकडे आणि महाविद्यालयांत दोन-दोन प्रती पुरेत. शक्य असेल तिथं एक सभा घ्या, ज्यात तुम्ही बोलाल दहा मिनिटं आणि आम्ही विचारू दोन तास. आमच्या तळमजल्यावरच्या काकांना मी घेऊन येईन. ते तारखा तपासतात, पण उत्तर मिळालं की हात जोडून खाली बसतात.

पहिला अहवाल ९ जुलैच्या आसपास निघाला तर बरं होईल. म्हाळगींचा जन्मदिवस आहे, आणि पावसाळी अधिवेशन साधारण त्याच सुमाराला सुरू होतं. मागच्या वर्षाचं देऊन पुढच्या अधिवेशनाला निघता येईल.

आमच्या गावच्या वाचनालयात मी ग्रंथपालांशी बोलून दिवाळी अंकांच्या मांडणीशेजारचा एक कप्पा मोकळा करून घेतला आहे. त्यांनी त्यावर कागदाची पट्टी चिकटवली आहे : 'खासदार – वार्षिक अहवाल'. वाचनालय सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं. सोमवारी बंद. प्रती कुणाच्याही हाती पाठवल्यात तरी चालतील, पोच मी स्वतः लिहून देईन.

आपली,
ठाणे जिल्ह्यातली एक मतदार